क्री आणि इनुक्तितुत युनिकोडच्या एकाच गठ्ठ्यात: घाई झाली का?

रानजाई
युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला संगणकासाठी एक क्रमांक, म्हणजे संकेतांक, देणारी यादी. कॅनडातल्या मूळनिवासींच्या क्री, ओजिब्वे, इनुक्तितुत (इनुइटांची भाषा) अशा कितीतरी भाषांच्या अक्षरलिपीला १९९९ साली युनिकोड ३.० मध्ये जागा मिळाली, पण सगळ्यांना मिळून एकच गठ्ठा. माझं मत स्पष्ट आहे: घाई झाली, आणि ती लहान बोलींना भोवली. कॅनडाच्या उत्तरेकडच्या नुनावुत प्रदेशात इनुइटांची नत्तिलिक बोली आहे, तिच्यात शेजारच्या बोलींमध्ये नसलेले ध्वनी आहेत. त्यांची अक्षरं यादीत नव्हतीच. ती आली २०२१ मध्ये, युनिकोड १४ बरोबर. म्हणजे २२ वर्षं जोआ हेवन किंवा तालोयोआक या नत्तिलिक गावांतल्या माणसाला आपली बोली फोनवर पूर्ण लिहिता येत नव्हती. आधी प्रत्येक बोलीच्या लोकांना विचारायला हवं होतं.

खिळेजुळारी
अजिबात पटलं नाही. १९९९ च्या आधी काय होतं? नुनाकॉम, प्रोसिल असले फाँट. इंग्रजी अक्षराच्या जागेवर लिपीचं चित्र बसवलेलं. समोरच्याकडे तोच फाँट नसला की इंग्रजी अक्षरांचा नुसता काला. कृतिदेव या जुन्या देवनागरी फाँटच्या फाइली उघडलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. सगळ्या बोलींसाठी थांबलो असतो तर क्रीसुद्धा लटकली असती. भर नंतर घालता येते, २००९ मध्ये ८० चिन्हं वाढलीच की! दिलेलं अक्षर मात्र काढता येत नाही. म्हणून खात्रीचं तेवढं आधी द्यायचं.

रानजाई
काढता येत नाही, म्हणूनच तर म्हणतेय! क्रीमधलं 'प'चं चिन्ह म्हणजे एक कोन. टोक वर केलं की पि, खाली पे, उजवीकडे पो, डावीकडे पा. त्यात 'व'चा ध्वनी मिसळला की एक ठिपका येतो. पूर्वेकडचे क्री तो अक्षराच्या आधी देतात, पश्चिमेकडचे नंतर. उच्चार तोच, 'प्वे', पण संकेतांक दोन. एकाने लिहिलेला शब्द दुसऱ्याने साध्या शोधात टाकला तर सापडत नाही. ठिपक्याला स्वतंत्र संकेतांक दिला असता तर तो कोणत्या बाजूला काढायचा हे फाँटने पाहिलं असतं. आपली पहिली वेलांटी साठवली जाते व्यंजनानंतर आणि दिसते आधी, तसंच.

खिळेजुळारी
वेलांटीचंच घ्या. विंडोज २००० येईपर्यंत विंडोजवर युनिकोड देवनागरी धड दिसत नव्हती, कारण चिन्हं जुळवणारी यंत्रणाच नव्हती. क्रीला अख्खं अक्षर मिळालं, त्यामुळे फाँट टाकला की काम झालं. शोधातली अडचण खरी आहे, पण दोन्ही संकेतांक एकच धरायला शोधयंत्राला शिकवता येतं. तुटकी दिसणारी लिपी कोणी वापरलीच नसती.

सायली_क
विचारलं म्हणजे सगळं सुटतं असंही नाही. अमेरिकेतल्या मूळनिवासींची चेरोकी घ्या. एक भाषा, एकच समाज. त्यांच्यातल्याच सिक्वोयाने १८२१ च्या सुमारास लिपी पुरी केली, १८२८ मध्ये त्यांचं वर्तमानपत्रही निघालं. तरी लहान अक्षरं (इंग्रजीतल्या स्मॉल लेटर्ससारखी) युनिकोडमध्ये आली २०१५ ला. आधीचे संकेतांक हलवता येईनात, मग तेच मोठी अक्षरं ठरले. आता संगणकाने दोन शब्द जुळवून पाहताना बाकी लिप्यांमध्ये मोठ्याचं लहान करतात, चेरोकीत लहानाचं मोठं.

प्रवासी७
एवढा खटाटोप कशाला? २०१९ मध्ये इनुइटांच्या राष्ट्रीय संघटनेनेच समान रोमन लेखनपद्धती मंजूर केली ना?

रानजाई
केली, पण पूरक म्हणून. प्रदेशांनी आपापली लिपी चालू ठेवायला मोकळीक आहे, आणि तो निर्णय इनुइटांनी स्वतः घेतलाय. तुम्ही-आम्ही तो त्यांच्या वतीने पुढे रेटायचा नाही.
खिळेजुळारी, फाँटचा मुद्दा मान्य. पण 'खात्रीचं आधी' म्हणताना खात्री कोणाची धरायची? ज्यांची पुस्तकं आधी छापली गेली, त्यांच्याकडे पुरावा तयार असतो. नत्तिलिकसारख्यांना आपला ध्वनी खरा आहे हे सिद्ध करत बसावं लागतं. त्यांच्याकडे जाऊन पुरावा गोळा करणं हे यादी करणाऱ्यांचं काम होतं.

खिळेजुळारी
हे काम त्यांचं होतं, एवढं मान्य. त्यासाठी १९९९ ची यादी रोखायला हवी होती, हे अजूनही मान्य नाही.