मदत हवी आहे: स्पूल पिन सोडवताना आधी बसलेल्या पिना खाली पडतात

नमस्कार. गेले आठ महिने मी छंद म्हणून, आणि केवळ स्वतःच्या मालकीची, कुलुपे पिकने (चावीऐवजी वापरायच्या बारीक आकड्याने) उघडण्याचा सराव करत आहे. साध्या पिनांची पाच पिनी कुलुपे आता सहज उघडतात. मात्र मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून आणलेल्या एका सिलिंडरने (कुलपाच्या चावी घालायच्या भागाने) मला अडवले आहे. तो खोलून पाहिला असता वरच्या पाच पिनांपैकी तीन स्पूल, म्हणजे दोऱ्याच्या रिळासारख्या कमरेत बारीक, आणि एक खाचांची निघाली. (दुकानदाराने मात्र ‘साधाच आहे’ असे छातीठोकपणे सांगितले होते!)

स्पूलची बारीक कंबर शिअर लाइनवर, म्हणजे प्लग (चावीने फिरणारा आतला गाभा) आणि बाहेरचे कवच यांच्यामधील सीमेवर, अडकली की प्लग काही अंश फिरतो आणि कुलूप उघडलेच असे वाटते. तीच पिन आणखी वर ढकलली की प्लग उलटा फिरू लागतो, हे मला समजते. अडचण अशी की त्या उलट्या फिरण्याला वाव देण्यासाठी टेन्शन रेंचवरचा (प्लगला फिरवण्याचा जोर देणाऱ्या पट्टीवरचा) दाब सैल करताच आधी बसलेल्या, म्हणजे योग्य उंचीवर अडकलेल्या, दोन पिना टकटक करत खाली येतात. खाचांची पिन तर प्रत्येक खाचेला बसल्यासारखा आवाज करते.

रेंच चावीच्या फटीत खालऐवजी वर लावल्यास दाबावर अधिक ताबा राहतो का? तसेच काठिण्य स्पूलच्या संख्येने वाढते, की शेजारच्या चावी-पिनांच्या (चावीला टेकणाऱ्या खालच्या पिनांच्या) लांबीतील फरकाने? एकेक स्पूल वाढवत सराव केलेल्यांचा अनुभव विशेष उपयोगी पडेल.