कोणी सांगितलं नव्हतं, की ऐकलंच नाही?

आमच्या अमळनेरात 1916 साली प्रताप शेठजींनी तत्त्वज्ञान मंदिर ही अभ्यास-संस्था सुरू केली. तिथल्या मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तिघांनी मिळून फक्त ‘अज्ञान’ या विषयावर एक पुस्तक लिहिलं. ते 1933 साली निघालं. अद्वैत वेदान्त म्हणतो की अज्ञान म्हणजे नुसता ज्ञानाचा अभाव नव्हे. ते ‘असतं’, आणि ज्ञान झालं की नाहीसं होतं. मग कळूनही जे जात नाही, ते काय? मला वाटतं तोच मूर्खपणा.

मी पुण्याहून इथल्या शाळेत आले तेव्हा एक मुलगा म्हणाला, “बाई, मी बठ्ठं लिखं.” मी म्हटलं, “बसून लिहिलंस ते ठीक, पण लिहिलंस काय?” वर्ग हसला आणि मी त्याला मठ्ठ ठरवलं. अहिराणीत बठ्ठं म्हणजे सगळं, हे मला महिनाभराने कळलं. त्याचं उत्तर बरोबर होतं, अज्ञान माझं होतं. तुमच्याकडे असं काही घडलं असेल तर लिहा.

शेतकरी, चोपडा तालुका

बीटी कपाशी म्हणजे जी खाल्ली की बोंडअळी मरते; तिच्या 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅमचं साधं बियाणं यायचं. आम्ही ते बांधावर फेकायचो. दुकानदारही म्हणायचा, त्याचं काय काम? काम मोठं होतं. साध्या झाडांवर बोंडअळी जगते, तिचे पतंग बीटीला सरावलेल्या पतंगांशी जुळतात, आणि पुढची पिढी बीटी खाऊन मरण्याजोगी राहते. हे आम्हाला कोणी समजावलं नव्हतं, म्हणून त्याला मी अज्ञान म्हणतो.

2017 साली गुलाबी बोंडअळीने बोंडं पोखरली. त्यानंतर गावोगाव सांगून गेले: फरदड (वेचणीनंतर पाणी देऊन त्याच झाडांवर पुन्हा घेतलेला कापूस) घेऊ नका, डिसेंबरनंतर पऱ्हाटी उपटा, नाहीतर अळीला पुढच्या हंगामापर्यंत घर मिळतं. सगळ्यांना पटलं. तरी पुढच्याच वर्षी मी पाणी दिलं. घरात बहिणीचं लग्न होतं, समोर दोन क्विंटल कापूस दिसत होता. याला अज्ञान म्हणता येत नाही. पण मूर्खपणा म्हणणाऱ्याने आधी त्या लग्नाचा खर्च बघावा. अळी मात्र माझ्या एकट्याच्या शेतात थांबली नाही, शेजाऱ्याकडेही गेली. ते अजून मनाला लागून आहे.

गृहिणी, भुसावळ (माहेर सातारा)

पहिल्या भरीत पार्टीला मी वांगी टोचे न मारता विस्तवात टाकली. पहिलं फुटलं तेव्हा सासरे खाटेवरून उठून उभे राहिले! सासूबाईंनी एकदाच सांगितलं, मी आजवर विसरले नाही. आमच्या जाऊबाई वीस वर्षं भरीत करतात, बडगीत (भरीत ठेचायच्या लाकडी भांड्यात) त्यांच्यासारखं कोणी ठेचत नाही. पण दर हिवाळ्यात एखादं वांगं फुटतंच. म्हणतात, “दरवेळी थोडंच फुटतं?”

विद्यार्थी, धुळे

निरक्षर म्हणजे अज्ञानी, असं कोणी इथे लिहू नये म्हणून हे लिहितोय. आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे.

माझी आजीही अंगठा देते. बसस्थानकावर गाडी विचारायची तर ती तीन जणांना विचारते. का, तर म्हणते, “ज्याले माहीत नही तोबी बोट दाखाडस.” तिघांचं एक आलं तरच ती पायरी चढते. मागच्या दिवाळीत आम्हाला साक्रीला जायचं होतं. माझा भाऊ इंजिनिअर, त्याने एकाला विचारलं आणि पिशव्या घेऊन चढला. खिडकीतून हाक मारत होता, “आजी, चल ना, जागा पकडली!” आजी खाली उभी राहून तिसऱ्या माणसाला विचारत होती, तोवर बस शिरपूरकडे निघालीसुद्धा.