प्रतिसाद: व्रणाच्या वरचा बधिरपणा
केस प्रत्यारोपणानंतर टाके निघूनही डोकं मागून बधिर आहे म्हणजे नस कायमची गेली, असं वर एकांनी लिहिलंय. इतकं घाबरायचं कारण नाही. एफयूटी या प्रत्यारोपणाच्या पद्धतीत डोक्याच्या मागची केसांसकट कातडीची पट्टीच काढतात, त्यात टाळूकडे चढणाऱ्या बारीक नसा कापल्या जातात. म्हणून बधिरपणा व्रणाच्या खाली नाही, वर जाणवतो. बहुतेकांना काही महिन्यांत संवेदना परत येते. माझ्या बाबतीत आधी मुंग्या, मग कंगवा टेकला की झिणझिण्या, शेवटी नुसती खाज. न्हाव्याचं मशीन तिथून फिरलं की अजूनही जरा वेगळंच लागतं, पण ते चालतं.

जिमची घाई मात्र नको, मानेवर ताण आला की व्रण रुंदावतो. आणि एकाच जागी बोट लावताच शॉक बसल्यासारखी कळ येत असेल तर सर्जनला दाखवाच, न्यूरोमा, म्हणजे कापलेल्या नसेच्या टोकाशी झालेली गाठ, असू शकतो.