ठाणे खाडीच्या पाण्याची मोजणी कोणी करावी, आणि कोणत्या वेळी?

मीठबंदर

ठाणे खाडीच्या पाण्याची तपासणीच होत नाही, असे म्हणणे खरे नाही. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ राष्ट्रीय कार्यक्रमांतर्गत ठरावीक ठिकाणांहून नियमित नमुने घेते, त्यांवरून गुणवत्ता निर्देशांक काढला जातो आणि अहवालही प्रसिद्ध होतो. असे असूनही विटाव्याला किंवा कोपरीला ओहोटीत चिखलात उतरून निवट्या (चिखलातले छोटे मासे), चिंबोऱ्या आणि कालवे काढणाऱ्या बाईला आज पाणी कसे आहे हे कळण्याची कोणतीही सोय नाही. माझ्या मते याचे मुख्य कारण मोजणीची वेळ हे आहे, आणि म्हणून ही मोजणी खाडीकाठच्या माणसांच्या हाती द्यावी असा प्रस्ताव मी येथे चर्चेसाठी मांडत आहे.

मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या, दिवसांत भरती-ओहोटीतील फरक पाच मीटरांच्या आसपास जातो, तर भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत तो दोन मीटरांच्या आसपास उरतो. सुमारे २६ किलोमीटर लांबीच्या या खाडीचे ट्रॉम्बेकडचे तोंड रुंद आहे, पण वर ठाण्याकडे ती चिंचोळी होत जाते, आणि उल्हास नदीशी तिला जोडणारा फाटा इतका उथळ व अरुंद आहे की त्या बाजूने पाणी धुऊन निघत नाही. साहजिकच भांगाच्या ओहोटीत वरच्या टोकाला जे पाणी उरते, त्यात नाल्यांतून आलेल्या सांडपाण्याचा वाटा मोठा असतो, तर उधाणाच्या भरतीत त्याच जागी समुद्राचे ताजे पाणी चढलेले असते. दोन्ही वेळी घेतलेल्या नमुन्यांखाली ठिकाणाचे नाव एकच लिहिले जाते.

दुसरी गोष्ट घड्याळाची. खाडीत शेवाळ भरपूर आहे. ते उन्हात प्राणवायू सोडते आणि रात्री इतर जीवांबरोबर स्वतःही तो वापरते, त्यामुळे विरघळलेला प्राणवायू दुपारी सर्वांत जास्त आणि पहाटे सर्वांत कमी असतो. मासे गुदमरतात ते पहाटे. कार्यालयीन वेळेत गाडी येऊन नमुना घेऊन गेली, तर सर्वांत वाईट तास नोंदवहीत कधीच येणार नाही. पहाटेच्या ओहोटीला पाण्यावर जे असतात ते मच्छीमारच असतात. त्यांच्यातील काही जणांना प्रशिक्षण द्यावे, प्राणवायू, क्षारता (खारटपणा), तापमान आणि पारदर्शकता या चारच गोष्टी तिथीप्रमाणे मोजाव्यात आणि आकडे बंदरावरच्या फलकावर त्याच दिवशी लिहावेत, एवढीच माझी मागणी आहे.

पृथक्करण

मी पाणी तपासणीच्या क्षेत्रात काम करतो आणि या प्रस्तावाला माझा स्पष्ट विरोध आहे, तो लोकांवरच्या अविश्वासातून नाही, तर चुकीच्या आकड्याने होणारे नुकसान पाहिलेले असल्यामुळे. वेळेविषयी आपण जे लिहिले आहे ते शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे. परंतु खाडीचे पाणी मोजण्यासाठी अवघड असते. ३० अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात फार तर साडेसात मिलिग्रॅम प्रति लिटर प्राणवायू विरघळतो, समुद्राच्या पाण्यात मात्र ६.२ च्या आसपासच. हातातल्या मीटरमध्ये क्षारतेची दुरुस्ती केली नाही, तर तो गोड्या पाण्याच्या हिशेबाने आकडा दाखवतो. व्यावसायिक मासेमारीच्या किनारी पाण्यासाठी आपल्याकडे किमान ४ मिलिग्रॅम हे मानक आहे. प्रत्यक्षात साडेतीन असलेले पाणी या एका चुकीमुळे चाराच्या वर दिसेल आणि फलकावर ‘ठीक’ म्हणून लिहिले जाईल.

हीच अडचण इतर चाचण्यांतही येते. रासायनिक प्राणवायू मागणीच्या (सीओडी) चाचणीत खारट पाण्यातील क्लोराइड अभिक्रियाकारकाशी क्रिया करते आणि आकडा खोटा फुगतो. विष्ठाजन्य जिवाणूंच्या चाचणीसाठी निर्जंतुक बाटली, बर्फ आणि काही तासांच्या आत प्रयोगशाळा, या तिन्ही गोष्टी लागतात. शिवाय कायद्याच्या दृष्टीने १९७४ च्या जल अधिनियमाच्या कलम २१ मध्ये सांडपाण्याचा नमुना कसा घ्यावा, त्याचे दोन भाग कसे करावेत आणि त्यावर मोहोर कशी लावावी, याची पद्धत घालून दिलेली आहे. ती पाळली नाही तर तो नमुना पुरावा म्हणून उभा राहत नाही. लोकांनी वर्षभर मेहनत करावी आणि कारखान्याच्या वकिलाने ती पाच मिनिटांत मोडीत काढावी, हे मला नको आहे. मंडळाने नमुन्यांची संख्या वाढवावी आणि प्रत्येक निकालासोबत भरतीची वेळ छापावी, ही मागणी करा. तिला माझा पाठिंबा राहील.

चेंदणीकर

मीठबंदर दादा, तुमचा हेतू चांगला आहे याबद्दल शंका नाही, पण फलकाची कल्पना वाचून मला भीती वाटली. माझी आई आणि काकू आजही खाडीची म्हावरं टोपलीत घेऊन बाजारात बसतात. ‘खाडीचे आहे का?’ असा प्रश्न विचारून गिऱ्हाईक पुढे जाते, हा त्यांचा रोजचा अनुभव आहे. अशा वेळी आमच्याच बंदरावर, आमच्याच माणसांच्या हस्ताक्षरात ‘आज प्राणवायू २’ असे लिहिले गेले, तर त्याचा फोटो संध्याकाळपर्यंत अख्ख्या ठाण्यात फिरेल. ज्यांनी पाणी घाण केले त्यांचे नाव त्या फलकावर कुठेच नसेल. नाव असेल ते कोळीवाड्याचे.

पाणी बिघडल्याचे आम्हाला कळण्यासाठी आकडा लागत नाही. जाळ्याला लागणारा काळा चिखल, हातापायांना सुटणारी खाज, पूर्वी मिळणारा आणि आता क्वचित दिसणारा जिताडा मासा, हे सगळे आमच्या घरात रोज बोलले जाते. आम्हाला आकडा हवा आहे तो भरपाईसाठी. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये उरण परिसरातील १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला होता. तो विषय बंदर आणि भरावांचा होता, पाण्याच्या गुणवत्तेपुरता नव्हता, हे मला माहीत आहे. पण पारंपरिक मासेमारीच्या हक्काला किंमत आहे, हे त्यातून मान्य झाले. मोजणी करायचीच असेल तर ती आमचे नुकसान सिद्ध करणारी असावी, आमचा बाजार बसवणारी नसावी.

रबाळे

मला वाटते, आपण सगळे चुकीच्या टोकाकडून सुरुवात करत आहोत. खाडी का बिघडली हे शोधण्यासाठी आणखी मोजणीची गरज नाही. पूर्व किनाऱ्यावर १९६० च्या दशकापासून ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा उभा राहिला आणि दोन्ही काठांवर लोकवस्ती वाढली. मुंबईच्या सात मलनिस्सारण केंद्रांपैकी भांडुप आणि घाटकोपर या दोघांचे पाणी याच खाडीत येते. मोठ्या उद्योगांच्या निर्गमावर आता सतत मोजणारी यंत्रे बसवलेली आहेत. याउलट झोपडपट्ट्यांतून आणि जुन्या वस्त्यांतून उघड्या नाल्यांनी येणारे मैलापाणी कुठल्याच केंद्रातून जात नाही. नवी मुंबईने मैलापाणी शुद्ध करून त्यातले काही उद्योगांना पुरवण्यापर्यंत मजल मारली आहे. तसे नाले अडवून केंद्राकडे वळवणे हेच काम आहे. पैसा आणि माणसांची ताकद मर्यादित असताना ती फलक लिहिण्यात घालवू नये.

कांदळवन

रबाळे यांच्याशी मी अर्धा सहमत आहे, पण मोजणीची गरज नाही हे मला अजिबात मान्य नाही. नाला वळवल्यावर खाडी सुधारली की नाही, हे आधीची नोंद नसेल तर सांगणार कसे?

माझा आक्षेप वेगळा आहे. २०१५ मध्ये ऐरोली आणि वाशी पुलांच्या दरम्यानचा सुमारे १,६९० हेक्टरांचा पट्टा फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, तेव्हापासून ‘इतके पक्षी येतात म्हणजे खाडी निरोगी आहे’ असा समज पसरला आहे. लहान रोहित पक्षी (लेसर फ्लेमिंगो) मुख्यतः सूक्ष्म निळ्या-हिरव्या शेवाळावर जगतो. सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरदामुळे असे शेवाळ माजते. म्हणून लाखभर पक्ष्यांची उपस्थिती हा पाण्याच्या शुद्धतेचा दाखला धरता येत नाही, उलट काही अंशी ती मैलापाण्याचीच खूण असू शकते.

निर्देशांकाचेही तसेच. मंडळ वापरते तो निर्देशांक प्राणवायू, विष्ठाजन्य जिवाणू, सामू (पीएच) आणि जैविक प्राणवायू मागणी (बीओडी) या चारच घटकांवर उभा आहे. पारा, शिसे, कॅडमियम त्यात येत नाहीत. आणि जड धातू पाण्यात फार वेळ राहतही नाहीत. ते गाळाच्या बारीक कणांना चिकटून तळाशी बसतात. पाणी सुधारले तरी दशकांपूर्वीचा गाळ तिथेच असतो, आणि कालवे, शिंपल्या व चिंबोऱ्या त्या गाळाच्या सान्निध्यातच वाढतात. कालवे तर पाणी गाळून खातात, त्यामुळे पाण्यातले जिवाणू आणि धातू त्यांच्या मांसात साठतात. आरोग्याचा प्रश्न असेल तर मोजायचे ते मांस आणि गाळ. मीठबंदर यांच्या चार चाचण्यांत यातले काहीही नाही. तळच्या चिखलातील किड्यांची नोंद तरी त्यात घालावी: अनेक जातींच्या जागी एक-दोन चिवट जातींचेच किडे उरले, की गाळ बिघडल्याचे ते वर्षानुवर्षांचे साक्षीदार असतात.

मीठबंदर

सर्वांनी मुद्द्याला धरून लिहिले याबद्दल आभार. पृथक्करण यांनी मीटरविषयी दिलेला इशारा योग्य आहे, आणि म्हणूनच मी मीटरऐवजी विंकलरची बाटली सुचवतो. या पद्धतीत विरघळलेला प्राणवायू रासायनिक रीतीने थेट मोजला जातो, त्यामुळे मीटरमध्ये उद्भवणारा क्षारतेचा प्रश्न तिच्यात येत नाही. कृती होडीतच होते. काचेच्या बुचाची बाटली पाण्याखाली हळूहळू भरायची, आत एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही, मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइडचे द्रावण सोडून बूच लावायचे आणि बाटली उलटसुलट करायची. तपकिरी साका बसला तर पाण्यात प्राणवायू आहे. साका पांढराच राहिला तर जवळजवळ नाहीच. हा फरक पाहायला शाळा शिकलेली नसली तरी चालते, आणि पुढचे अनुमापन (द्रावण थेंबाथेंबाने घालून प्रमाण मोजणे) प्रशिक्षित मुलगी त्याच दिवशी करू शकते. जाळे विणणाऱ्या हातांना ही शिस्त जड जाणार नाही.

न्यायालयात हा आकडा टिकणार नाही, हे मान्य. पण मला तो न्यायालयासाठी नको आहे. पहाटेच्या ओहोटीला कोणत्या नाल्याच्या तोंडाशी साका पांढरा राहतो, हे महिनोन्महिने तिथीसह लिहिलेले असेल, तर मंडळाला कुठे आणि केव्हा यायला सांगायचे ते आपल्याला कळेल. अधिकृत नमुना त्यांनीच घ्यावा, मोहोर त्यांनीच लावावी, फक्त तो त्या तासाला घ्यावा. रबाळे यांना माझे उत्तर हेच आहे: नाले वळवण्याचा क्रम कोणी ठरवायचा, तर या नोंदीने.

चेंदणीकर ताई, बाजाराविषयी तुमची भीती मी हलक्यात घेत नाही. पण एक प्रश्न विचारतो. आपण लिहिले नाही म्हणून गिऱ्हाईक विचारायचे थांबले आहे का? त्याच्या मनात आज सगळी खाडी एकसारखी घाण आहे. तोंडाकडचे पाणी आणि वरच्या टोकाचे पाणी यात, पावसाळ्यातले आणि वैशाखातले पाणी यात फरक असतो, हे त्याला आपण आकड्यानेच दाखवू शकतो.

पृथक्करण

विंकलर पद्धत वापरणार असाल तर प्राणवायूपुरता माझा विरोध मी मागे घेतो, दोन अटींवर. दर काही नमुन्यांमागे एक जोडनमुना (त्याच वेळी घेतलेला दुसरा नमुना) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जावा आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहावेत. दुसरी अट अधिक महत्त्वाची आहे: फलकावर फक्त आकडा, वेळ आणि भरतीची स्थिती असावी, ‘सुरक्षित’ हा शब्द कधीही नसावा. प्राणवायू पाच असलेल्या पाण्यातही मैल्याचे जिवाणू असू शकतात, आणि कांदळवन म्हणतात त्याप्रमाणे मांसातील कॅडमियमचा तर त्या आकड्याशी काहीच संबंध नसतो. चांगला प्राणवायू पाहून कोणी अर्धकच्ची कालवे खाल्ली आणि कावीळ झाली, तर त्याची जबाबदारी कोण घेणार? या प्रश्नाचे उत्तर प्रस्तावात मला अजून दिसत नाही.

चेंदणीकर

गिऱ्हाईक आताही विचारतेच, हे खरे आहे. तरीही मीठबंदर दादांच्या उत्तराने माझे समाधान झालेले नाही, कारण फरक दाखवण्याचा फायदा तोंडाकडच्या गावांना मिळेल आणि वरच्या टोकाच्या आमच्यासारख्या गावांची मासळी कायमची बाद ठरेल. नोंद ठेवायला मी तयार आहे. पहाटे बाटली भरायला आमच्यातल्या मुलीही येतील. पण वही मच्छीमार सोसायटीच्या ताब्यात राहिली पाहिजे, ती केव्हा आणि कोणापुढे उघडायची हे सोसायटीच्या सभेने ठरवले पाहिजे, आणि पहिल्या वर्षी ती मंडळापुढे व मत्स्यव्यवसाय खात्यापुढेच उघडावी, बंदरावर नाही. कालव्यांच्या मांसाची तपासणी सरकारी खर्चाने व्हावी, तिचा निकाल आधी ती काढणाऱ्या बायकांना मराठीत समजावून सांगावा, आणि निकाल वाईट आला तर त्यांच्या बुडालेल्या दिवसांचे पैसे कुठून येतील हे त्याआधी लेखी ठरावे. एवढे ठरल्याशिवाय आमच्या बंदरावर फलक लागू नये, असे मी सोसायटीच्या पुढच्या सभेत मांडणार आहे.