वजनगट, तब्येत आणि कुस्तीतल्या मुली

प्रश्न : अमेरिकेतल्या हायस्कूल कुस्तीबद्दल आमच्या मराठी मंडळाच्या अंकासाठी लिहितेय. 'वेट क्लास'ला वजनगट म्हणू की वजनी गट? खरी अडचण पुढे आहे. तिथे मुलग्यांचे आणि मुलींचे गट वेगळे. २०२३-२४ पासूनच्या चौदा गटांच्या यादीत मुलगे १०६ ते २८५ पौंड, मुली १०० ते २३५. मुलींचे १०० ते १४५ मध्येच पाच-पाच पौंडांच्या अंतराने दहा गट बसवलेत, मुलग्यांचे १४५च्या आत सातच. शिवाय वजन कमी करण्यालाही अट : अंगातली चरबी मुलग्यांत ७ टक्के आणि मुलींत १२ टक्के यांच्या खाली जाता कामा नये. हे लिहिताना मुलीच्या शरीराबद्दल कुठलाही मराठी शब्द घेतला की स्थळाची जाहिरात वाटते!

- वजनगट. पेपरवाले '५७ किलो वजनी गट' लिहितात, चूक नाही. पण मागे आकडा नसेल तर 'वजनी गट' म्हणजे वजनदारांचा गट वाटतो. तालमीत यातलं काहीच म्हणत नाहीत. 'किती किलोत खेळतेस?' 'पन्नासात.' संपलं.

- मग 'वेट क्लास'ला आपला आखाड्यातला 'जोड' हा शब्द का नको?

- कारण जोड म्हणजे गट नव्हे, बरोबरीच्या दोन पैलवानांची जुळणी. जत्रेच्या मैदानात वस्ताद दोघांना उभं करून नजरेनेच तोलतात : उंची, खांदे, किती वर्षं मातीत आहे, मागची कुस्ती कुणाशी झाली. काटा लागतच नाही. वजनगटात फक्त काटा बोलतो. पॅरिस ऑलिंपिकला २०२४ मध्ये विनेश फोगाटचं वजन पन्नास किलोच्या वर १०० ग्रॅम भरलं आणि अंतिम फेरीच्या दिवशी ती बाद झाली. जोडीत १०० ग्रॅम कोण बघतो? (हे 'वजन भरणं' मात्र लेखात जरूर वापरा, काट्यावर असंच म्हणतात.)

- शरीराच्या शब्दांबद्दल. गोम अशी की बरेच शब्द मुलग्याला शाबासकी असतात आणि मुलीला टोमणा. 'पोरानं तब्येत केलीय' म्हणजे खुराक अंगी लागला. 'तिची तब्येत जरा चांगलीच आहे' म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं. 'अंगाने भरला' कौतुक, 'अंगात भरली' म्हटलं की आत्याबाई लग्नाचं काढणार. 'बांधा' तर मुलीचा नाजूक नाही तर कमनीयच असतो, तो घेऊच नका. 'अंगकाठी', 'काटक', 'हाडापेराने मजबूत' हे दोघांनाही चालतात.

- 'चरबी' सुटी लिहू नका. 'चरबी चढली' म्हणजे माज आला. 'शरीरातील चरबीचे प्रमाण' असं पूर्ण लिहा.

- आणि कुस्ती खेळणाऱ्या मुलीला काय म्हणायचं?

- पैलवान. 'पैलवानीण' मी तरी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. २०२३ मध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडी जिंकली. तिला पैलवान म्हणायला कुणाचं काही अडलं नाही. 'महिला मल्ल' बातमीत ठीक आहे, बोलण्यात नाही.

प्रश्नकर्ती : वजनगट आणि अंगकाठी पक्कं. 'लीन मास'ला 'निव्वळ वजन' चालेल?

- नको, ते बिस्किटाच्या पुड्यावर असतं. 'चरबी वगळून उरलेलं वजन' लिहा, अर्धी ओळ जास्त जाईल, जाऊ द्या.