मतदानापलीकडचा सहभाग

अमेरिकेतील लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या लोकांच्या, वस्त्यांत मतदान कमी होते, म्हणून तेथील रहिवाशांना स्थानिक प्रश्नांत रस नाही, हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. अनेक प्रौढ रहिवाशांकडे अमेरिकेचे नागरिकत्वच नसल्याने हे मोजमाप त्यांना लागू पडत नाही. शिकागोमध्ये १९८८ च्या कायद्याने स्थापन झालेल्या स्थानिक शाळा परिषदांच्या निवडणुकीत मात्र नागरिक नसलेले पालकही मत देऊ शकतात. त्याच शहरातील लिटल व्हिलेजसारख्या मेक्सिकनबहुल भागाचा अभ्यास करायचा, तर मी या परिषदांच्या निवडणुकांपासूनच सुरुवात करेन. शिवाय २०२० च्या जनगणनेत हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक देशांतील मुळे असलेली) लोकसंख्या सुमारे ५ टक्क्यांनी कमी मोजली गेल्याचे खुद्द जनगणना विभागानेच नोंदवले आहे. केवळ त्या आकड्यांवर बेतलेले सर्वेक्षण, प्रश्नावली स्पॅनिशमध्ये असली तरी, दाटीने राहणाऱ्या भाडेकरू कुटुंबांच्या गरजा टिपेलच असे नाही.