ग्लो इंजिनाचं मागचं बेअरिंग गेलंय, कुठल्या टाइपचं टाकू?

ऐरोलीकर:
मंडळी सल्ला हवाय. मॉडेल बोटीत ३.५ सीसीचं जुनं ग्लो इंजिन आहे, म्हणजे मेथॅनॉलवर चालणारं छोटं, वॉटर कूल्ड हेडवालं. दिवाळीत खाडीत दोन-तीनदा पळवली आणि तशीच माळ्यावर टाकली. परवा फ्लायव्हील हाताने फिरवलं तर वाळू भरल्यासारखी खरखर, उघडलं तर मागच्या बेअरिंगमधून तांबूस पाणी आणि छर्ऱ्यांवर काळे डाग. दुकानदार म्हणतो दोन्हीकडून रबर सीलवालं घ्या पाणी जाणारच नाही, आमचे काका म्हणतात बॉल बेअरिंगची भानगडच नको, गनमेटलचा बुश मार, म्हणजे छर्रे नसलेली साधी नळी. कुणाचं ऐकू?

वागळेचा लेथवाला:
इंजिनात दोघांचंही नको. मागच्या बेअरिंगला तेल मिळतं ते इंधनातूनच, मेथॅनॉलमध्ये मिसळलेलं कॅस्टर (एरंडेल) क्रँककेसमधून, म्हणजे इंजिनाच्या ॲल्युमिनियमच्या खोक्यातून, जाताना छर्ऱ्यांवर बसतं, म्हणून ते ओपनच, म्हणजे बाजूने उघडंच हवं, सील लावलं तर तेल अडतं आणि सील सुटलंच तर तुकडा थेट आत. पुढच्याला फक्त बाहेरच्या बाजूने शील्ड (पत्र्याचं झाकण) चालेल. आणि मागताना सी३ क्लिअरन्स सांगा, म्हणजे आत थोडी जास्त ढिलाई असलेलं, साधं घेतलं तर खाचेत घट्ट बसल्यावर आणि गरम झाल्यावर जाम होतं. नंबर पुसला असेल तर व्हर्निअरने आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी मोजा, मिलिमीटरमध्ये ८-१६-४ आलं तर ते ओपन ६८८. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला मिळून जाईल.

ऐरोलीकर:
थँक्यू दादा. स्टेनलेस घेऊ का मग? आणि जुनं काढायचं कसं, हातोडी मारायची भीती वाटते.

बेलापूरची बोट:
हातोडी अजिबात नको!! क्रँककेस नुसती ओव्हनमध्ये १५० डिग्रीला तापवा, ॲल्युमिनियम स्टीलपेक्षा जास्त फुगतं, मग लाकडावर आपटलं की बेअरिंग आपसूक गळून पडतं. नवं बसवताना पण केस गरम, बेअरिंग फ्रीजरमधलं. फक्त घरचा ओटीजी वापरू नका, मी वापरला होता, पुढचे दोन केक कॅस्टरच्या वासाचे झाले आणि त्यावर घरात जे ऐकलं ते इथे लिहीत नाही. स्टेनलेस घ्या पण त्याच्या भरवशावर राहू नका, खाऱ्या पाण्यात तेही डागाळतं. तुमचं बेअरिंग खरं तर माळ्यावर मेलंय. मेथॅनॉल हवेतली ओल ओढतं, ते आत राहिलं की संपलं. दिवसाचं शेवटचं इंधन पूर्ण जाळून टाका, मग आफ्टर रन ऑइलचे (इंजिन ठेवण्याआधी टाकायचं गंज रोखणारं तेल) चार थेंब टाकून हाताने फिरवा. आणि ऐरोलीच्या खाडीत फ्लेमिंगो असतात हो, तिकडे हा आवाज कशाला?

वागळेचा लेथवाला:
काकांचा बुश वाया घालवू नका, प्रॉपेलर शाफ्टच्या ट्यूबला तसाच लागतो. तिथे बॉल बेअरिंग टाकलं की पाण्याने सडतं. फॉस्फर ब्रॉन्झचा बुश दोन्ही टोकांना, आत ग्रीस, आणि प्रॉपेलर व ट्यूबच्या मधे टेफ्लॉनचा वॉशर. पाण्याचा रेटा त्या वॉशरवर यायला पाहिजे, नाहीतर सगळा धक्का कपलिंगमधून क्रँकशाफ्टला जातो आणि नवं बेअरिंगही दोन महिन्यांत खरखरायला लागतं.

ऐरोलीकर:
आत्ता बघितलं, वॉशर नाहीचये 😅 प्रॉपेलर लावलाय पण तो ट्यूबपासून बोटभर लांब.